रेसच्या घोड्यावर पैसे लावण्याआधी: टोट, बुकी, भाव आणि कर यांचा सविस्तर हिशेब

नाशिकला रेसकोर्स नाही. म्हणून इथल्या माणसाची रेसशी पहिली ओळख बऱ्याचदा चुकीच्या दारातून होते. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर ‘आयडी’, म्हणजे बेटिंग अॅपचे खाते देतो, नाहीतर मित्राचा मित्र फोनवर भाव सांगतो आणि हिशेब सोमवारी करू म्हणतो. ही दोन्ही दारे बंद ठेवावीत. सरळ रस्ता मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सला जातो. तिथे जायचे तर काय काय माहीत हवे, ते पुढे दिले आहे.

नवखा माणूस विचारतो, ‘कोणता घोडा येणार?’ तो प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे ते हे, की घोडा आला तर हातात किती पडणार आणि त्यासाठी खिशातून एकूण किती जाणार. करांचे आजचे दर पाहता जिंकलेल्या तिकिटावरही पैसे गमावता येतात. कसे ते पुढे आकड्यांत येईलच.

कायद्याची चौकट

मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यात जुगाराच्या व्याख्येतून घोड्यांच्या शर्यतीवरची पैज वगळली आहे, पण अटींवर. शर्यत परवानाधारक रेसकोर्सवर हवी, पैज तिथे राखून ठेवलेल्या आवारात हवी आणि ती टोटवर (क्लबने चालवलेल्या सामाईक पूलवर) किंवा परवाना असलेल्या बुकमेकरकडे, म्हणजे स्वतः भाव देऊन पैज घेणाऱ्या बुकीकडे, लावलेली हवी. रेसकोर्सच्या परवान्यासाठी १९१२ चा वेगळा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. या निकालाचा हवाला देऊन ‘सगळेच कायदेशीर आहे’ असे सांगणारे बरेच भेटतात. ते अर्धेच खरे आहे. निकालाने शर्यतीला जुगाराच्या शिक्क्यातून सोडवले, विनापरवाना पैसे घेणाऱ्याला सोडवले नाही.

नाशिक जिल्ह्यात बैलगाडा शर्यती होतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२३ च्या निकालानंतर त्यांच्या कायदेशीरपणाचा वाद मिटला आहे. तरी त्यांच्यावर पैज लावणे हा जुगारच, कारण वरची सूट फक्त घोड्यांच्या शर्यतीला आणि तीही अटी पाळून मिळते.

मोबाइलवरच्या बेटिंग अॅपांचे काय? ऑनलाइन मनी गेमवर देशभर बंदी घालणाऱ्या कायद्याला ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. परदेशी सर्व्हरवरची अॅपे त्याआधीही बेकायदाच होती. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर तक्रार करायला जागा नाही. फोनवरच्या बुकीचेही तसेच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार शून्यवत असतो, म्हणजे त्याने पैसे बुडवले तर न्यायालयात वसूल करता येत नाहीत. वर तो उधारीवर खेळवतो, आणि रोख मोजावी लागत नसली की माणूस दुप्पट-तिप्पट लावतो. त्याचा धंदा त्यावरच चालतो.

वयाची अट अठरा पूर्ण. ओळखपत्र आणि पॅन कार्ड जवळ ठेवा. पॅन का, ते शेवटी कळेल.

हंगाम आणि नाशिकहून जाणे

महालक्ष्मी आणि पुणे, दोन्ही रेसकोर्स रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. इंडियन डर्बी १९४३ पासून धावते. अंतर २४०० मीटर, आणि ती साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने डर्बीचा दिवस टाळावा. गर्दीत खिडकीपर्यंत पोहोचतानाच निम्म्या रेस निघून जातात. हंगामातला एखादा साधा रविवार शिकायला चांगला.

नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेस मिळते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडली की महालक्ष्मी स्टेशन, आणि तिथून रेसकोर्स चालत गाठता येतो. परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाच्या सुमारास सुटते. हे वेळापत्रक बेटशी थेट जोडलेले आहे, कारण जॅकपॉटसारख्या, ओळीने अनेक रेसचे विजेते ओळखायच्या पूलचा शेवटचा लेग (टप्पा) बहुतेकदा दिवसाच्या अखेरच्या रेसमध्ये असतो. गाडी गाठायची असेल तर त्या पूलमध्ये पडूच नका, नाहीतर जिंकलेले तिकीट खिशात घेऊन प्लॅटफॉर्मवर धावावे लागेल. पुण्याला थेट रेल्वेमार्ग नाही. संगमनेर, नारायणगाव, चाकण असा रस्ता आहे आणि चाकणच्या वाहतुकीसाठी तासभर जास्तीचा धरावा.

टोट म्हणजे काय

टोट हा क्लबने चालवलेला पूल. एका रेसमधल्या एका प्रकारच्या सगळ्या बेटांचे पैसे एकत्र होतात, त्यातून ठरलेली कपात होते आणि उरलेली रक्कम बरोबर तिकिटे असलेल्यांत वाटली जाते. इथे तुमचा सामना क्लबशी नाही, बाकीच्या खेळणाऱ्यांशी आहे. क्लब आपली कपात घेऊन बाजूला होतो, मग कोणताही घोडा येवो.

समजा तिसऱ्या रेसच्या विन पूलमध्ये १,००,००० रुपये जमले आणि कपात २० टक्के आहे. वाटायला उरले ८०,०००. सात नंबरच्या घोड्यावर २०,००० रुपये, म्हणजे दहा रुपयांची २,००० युनिट लागली होती. सात नंबर जिंकला तर ८०,००० भागिले २,०००, म्हणजे दहा रुपयांना ४० रुपये डिव्हिडंड. मूळचे दहा रुपये या चाळीसमध्येच धरलेले असतात. जाहीर होणारा आकडा नेहमी दहा रुपयांच्या युनिटवर असतो, त्यामुळे ‘विन ४०’ ऐकून चाळीस पट मिळाले असे समजू नये. मिळतात चार पट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्क्रीनवर दिसणारा टोटचा भाव अंदाजी असतो. खिडक्या बंद होईपर्यंत पैसे येत राहतात आणि शेवटच्या मिनिटाला भाव चांगलाच सरकतो. पन्नासचा दिसलेला घोडा बत्तीसवर बंद झाला तर त्यात फसवणूक नाही, पूलचे गणितच तसे आहे. दोन, लहान पूलमध्ये तुमचे स्वतःचे पैसेच भाव पाडतात. एखाद्या फोरकास्टच्या (पहिले दोन घोडे क्रमाने ओळखायच्या बेटच्या) जोडीवर जेमतेम वीस युनिट लागली असतील आणि तुम्ही आणखी वीस घेतली, तर डिव्हिडंड जवळपास निम्मा होतो. मोठी रक्कम लहान पूलमध्ये घालू नये ती यासाठी.

पूलचे प्रकार

विन म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा. प्लेस म्हणजे ठरलेल्या क्रमांकांत आला तरी चालेल. साधारणपणे आठ किंवा जास्त घोडे असतील तर पहिले तीन, पाच ते सात असतील तर पहिले दोन. त्याहून कमी असतील तर काय, ते त्या दिवसाच्या रेसकार्डावर (रेस आणि घोड्यांची छापील माहिती) पाहावे. घोडे ऐनवेळी गळाले की आठाचे सात होतात आणि तिसऱ्या क्रमांकाचे पैसे मिळत नाहीत. लोक इथे नेहमी फसतात. म्हणून प्लेस लावण्याआधी धावणाऱ्या घोड्यांची ताजी संख्या बोर्डवर बघा, कार्डावरची नाही.

प्लेसचा पूल आधी जितक्या जागा तितक्या वाट्यांत विभागला जातो, मग प्रत्येक वाटा त्या घोड्याच्या तिकिटांत वाटतात. म्हणून लोकांचा लाडका घोडा प्लेसमध्ये आला की त्याचा डिव्हिडंड ११-१२ रुपयांपर्यंत घसरतो.

सेकंड हॉर्स पूलमध्ये घोडा दुसराच यायला हवा. पहिला आला तरी पैसे गेले. थर्ड हॉर्स पूलचाही असाच नियम, तिसरा म्हणजे तिसराच. नवख्यांना हे प्लेससारखे वाटते आणि जिंकलेल्या घोड्याचे तिकीट घेऊन ते खिडकीवर वाद घालतात.

क्विनेलात पहिले दोन घोडे, क्रम कसाही. फोरकास्टमध्ये पहिले दोन त्याच क्रमाने. टानालात पहिले तीन त्याच क्रमाने. ट्रेबल म्हणजे ठरवून दिलेल्या तीन रेसचे विजेते, जॅकपॉट म्हणजे पाच रेसचे, सुपर जॅकपॉट म्हणजे सहाचे. जॅकपॉटच्या निकालात ७० टक्के आणि ३० टक्के असे दोन आकडे दिसतात. मोठा भाग सगळे विजेते अचूक सांगणाऱ्यांचा, लहान भाग एक चुकलेल्यांचा.

जीएसटी: जिंकूनही तोटा कसा होतो

ऑक्टोबर २०२३ पासून रेसच्या बेटवर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर आहे. घोडा शेवटचा आला तरी तो गेलाच.

कर वेगळा घेतला जातो तिथे १०० रुपयांच्या बेटला १४० रुपये मोजावे लागतात. खिडकीवर पहिला प्रश्न हाच करा: ‘शंभरात कर धरून आहे की वरून?’ धरून असेल तर तुमच्या १०० पैकी बेट म्हणून साधारण ७१ रुपये ४३ पैसेच लागतात. गुणोत्तर तेच राहते.

आता हिशेब पाहा. दहा रुपयांच्या युनिटला १४ रुपये गेले, तर १४ च्या खालचा प्रत्येक डिव्हिडंड हा तोटा. मघाच्या लाडक्या घोड्याचा १२ रुपयांचा प्लेस डिव्हिडंड घ्या. घोडा आला, तुम्ही जिंकलात आणि दर युनिटमागे दोन रुपये गमावलेत. ‘सेफ प्लेस’ हा शब्द रेसकोर्सवर फार ऐकू येतो, पण आजच्या दरात तो बहुतेकदा हळूहळू पैसे गमावण्याचा मार्ग ठरतो.

भावावरून काढायचे तर सूत्र सोपे आहे. घोडा जिंकण्याची शक्यता किमान किती हवी हे काढायला १४० ला जिंकल्यावर एकूण मिळणाऱ्या रकमेने भागा. समान भावाला, म्हणजे शंभराला शंभर नफा, परत येतात २००, म्हणून ७० टक्के शक्यता हवी. सहास चार, म्हणजे शंभराला दीडशे नफा असेल तर ५६ टक्के. दोनास एक असेल तर साधारण ४७. चारास एक असेल तर २८. नवास एक असेल तर १४. आणि दहा लावून चार मिळवायचे अशा भावाला परत येतात नेमके १४०, म्हणजे घोडा शंभर टक्के येणार असेल तरच बरोबरी. त्याहून कमी भावाच्या घोड्याला हातही लावू नये.

टोटच्या मघाच्या उदाहरणात सगळ्या तिकिटांची सरासरी काढली तर १४० खर्चून ८० परत येतात, म्हणजे रुपयाला ५७ पैसे. हौस म्हणून खेळणाऱ्याने हा आकडा तिकिटाचा खरा दर समजावा. उत्पन्न म्हणून खेळायचा विचार असेल तर या आकड्यापाशीच तो सोडावा.

बुकमेकरकडे बेट

रेसकोर्सवर परवानाधारक बुकमेकरांची वेगळी जागा असते. टोटपेक्षा मुख्य फरक एकच, पण मोठा: बुकीकडे बेट लावली त्या क्षणीचा भाव पक्का होतो. नंतर तो वर जावो की खाली, तुमच्या तिकिटावर लिहिलेलाच मिळणार. म्हणून पाच मिनिटे उभे राहून दोन-चार बोर्ड बघणे फायद्याचे असते. एकाकडे दोनास एक, शेजारी सहास चार, असा फरक खरोखर सापडतो.

बुकीचा नफा कुठे असतो? पाच घोड्यांची रेस घ्या, भाव २/१, २/१, ३/१, ५/१, ९/१. प्रत्येक भावाची शक्यता काढायची तर १०० ला भाव अधिक एकने भागा. मिळतात ३३.३, ३३.३, २५, १६.७ आणि १०. बेरीज ११८.३. शंभरावरचे १८.३ ही बुकीची कमाईची जागा. बेरीज १३० च्या पुढे असेल तर त्या रेसमध्ये भाव शोधत बसण्यात अर्थ नाही.

तिकीट हातात आले की तिथेच चार गोष्टी वाचा: रेस, घोडा, भाव आणि रक्कम. घोडा ऐनवेळी माघारी घेतला तर त्याच्यावरचे पैसे परत मिळतात, पण बाकीच्या घोड्यांवर आधी लागलेल्या बेटांच्या नफ्यातून ठरावीक कपात होते, कारण स्पर्धा सोपी झालेली असते.

कार्ड कसे वाचायचे

प्रत्येक घोड्यासमोर त्याचा क्रमांक, ड्रॉ म्हणजे सुटण्याच्या खणाचा क्रमांक, वय, वजन, जॉकी, ट्रेनर, रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीचा अंक आणि आधीची कामगिरी असते. क्रमांक आणि ड्रॉ यांची गल्लत ही नवख्याची सगळ्यात महाग चूक. खिडकीवर घोड्याचा क्रमांकच सांगायचा.

बहुतेक रेस हँडिकॅप असतात, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन. रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो. ४४ रेटिंगच्या घोड्यावर ५९ किलो असेल तर ३२ रेटिंगवाल्यावर ५३. वर्गांच्या मर्यादा एकमेकांवर चढतात: चौथा वर्ग २० ते ४६, तिसरा ४० ते ६६. म्हणजे ४४ चा घोडा चौथ्या वर्गात डोक्यावर सर्वांत जास्त वजन घेऊनही धावू शकतो किंवा तिसऱ्या वर्गात हलक्या वजनाने. ट्रेनरने यातले काय निवडले, हे टिप देणाऱ्यापेक्षा जास्त बोलके असते. वर्ग उतरून आलेला घोडा पाहिला की ‘आता सोपे’ असे लोक म्हणतात आणि भाव पाडतात. पण तो वजन चढवून आला आहे, हे कार्डावर त्याच ओळीत छापलेले असते.

मग अंतर. १००० ते १२०० मीटर ही वेगाची रेस. तिथे सुटतानाच मागे राहिलेला घोडा क्वचितच सावरतो. १६०० च्या पुढे दम लागतो. १२०० ला शेवटी जोर करत तिसरा आलेला घोडा १४०० ला उतरला की त्याच्याकडे लक्ष द्यावे. उलट, १००० ला आघाडी घेऊन शेवटच्या शंभर मीटरला ढेपाळलेल्याला १४०० देऊन काही साधत नाही.

पुण्याचा हंगाम पावसाळ्यात येतो. जमिनीचा मऊपणा पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. कोरड्या ट्रॅकवर जिंकलेला घोडा चिखलात तसाच पळेल असे धरू नका. आधी तशा जमिनीवर त्याने काय केले, ते पाहा. ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडे) पहिल्यांदाच लावले असतील किंवा काढले असतील तर तीही नोंद महत्त्वाची. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते. ती हलक्या हाताच्या पोराला असेल तर सोन्यासारखी, कच्च्या पोराला असेल तर निरुपयोगी.

रेसआधी पॅडॉकमध्ये (घोडे दाखवायच्या आवारात) घोडे फिरवतात तेव्हा तिथे जाऊन उभे राहा. मानेवर, मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आला असेल, घोडा सारखा उधळत असेल तर त्याची निम्मी शक्ती तिथेच गेली. येवल्याच्या घोडेबाजारात वाढलेल्यांना घोडा पारखायची नजर असते, पण तिथली मारवाडी-काठेवाडी घोड्याची पारख इथे पूर्ण लागू होत नाही. रेसचा घोडा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा असतो. डौल आणि चाल यांपेक्षा इथे मागच्या पुठ्ठ्यांची ताकद, अंगावरची चमक आणि पोटाला किती उतरला आहे हे पाहतात.

खिडकीवर

सांगण्याचा क्रम पक्का ठेवा: केंद्र, रेस, पूल, घोडा, रक्कम. ‘मुंबई, तिसरी रेस, विन, सात नंबर, शंभर.’ केंद्र आधी का, तर एकाच खिडकीवर दुसऱ्या शहरातल्या शर्यतींवरही बेट घेतली जाते. ‘तिसरी रेस’ एवढेच म्हटले तर बंगळुरूची तिसरी रेस लागायची. तिकीट घेऊन बाजूला होण्याआधी वाचा. चूक तिथेच दुरुस्त होऊ शकते, रेस सुटल्यावर नाही. तिकिटावर तुमचे नाव नसते. हरवले किंवा फाटले की बहुतेकदा पैसे गेले.

एकत्र तिकिटे घेताना संख्या आधी कागदावर काढा. तीन घोड्यांची क्विनेला म्हणजे तीन जोड्या, फोरकास्ट म्हणजे सहा. चार घोड्यांची सगळ्या क्रमांची टानाला म्हणजे ४ गुणिले ३ गुणिले २, चोवीस युनिट. दहा रुपयांनी २४०, करासह ३३६. एकच घोडा पहिला येणार यावर ठाम असाल आणि दुसऱ्या-तिसऱ्यासाठी तीनच घ्याल तर सहा युनिट, ६० रुपये, करासह ८४. पहिल्या जागेसाठी मत पक्के नसेल तर टानाला लावण्याचे कारणच उरत नाही.

जॅकपॉटमध्ये पाच रेसना अनुक्रमे २, १, ३, २, ४ घोडे घेतले तर ४८ युनिट, ४८० रुपये, करासह ६७२. एका रेसला आणखी एक घोडा ‘असू दे’ म्हणून घातला की गुणाकार फुगतो. एकचे दोन केले तर एकदम ९६ युनिट होतात. म्हणून जॅकपॉटमध्ये ज्या रेसमध्ये तुमचे मत खरोखर पक्के आहे तिथे एकच घोडा ठेवा आणि वाचलेले पैसे सगळ्यात उघड्या, म्हणजे कुणीही जिंकू शकेल अशा रेसवर पसरा. सगळीकडे दोन-दोन घेणे दिसायला शहाणपणाचे वाटते, पण त्यात पक्क्या रेसवर पैसे वाया जातात आणि उघड्या रेसमध्ये घोडे कमी पडतात.

निकाल लागल्यावर

घोडे रेषा ओलांडतात तेव्हा रेस संपलेली नसते. जॉकीचे वजन पुन्हा होते, गरज पडली तर फोटो पाहिला जातो, एखाद्या जॉकीने अडवल्याचा आक्षेप घेतला तर स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) चौकशी करतात आणि क्रम बदलू शकतो. हे सगळे मिटून ‘ऑल क्लियर’ झाले की निकाल पक्का होतो आणि पैसे मिळू लागतात. तोवर तिकीट फाडून फेकू नका. दुसऱ्या आलेल्याला पहिला केल्याच्या रेस दर हंगामात होतात आणि फेकलेली तिकिटे शोधणारेही दर हंगामात दिसतात. ऑल क्लियरनंतर काही उघडकीला आले तर घोड्याच्या मालकाचे बक्षीस जाऊ शकते, तुम्हाला मिळालेला डिव्हिडंड परत मागत नाहीत.

दोन घोडे एकाच वेळी आले तर टोटमध्ये त्या पूलचे दोन भाग होतात. बुकीकडे तुमची निम्मी रक्कम पूर्ण भावाने जिंकलेली धरतात आणि निम्मी हरलेली. सुटताना घोडा खणातच अडला, उशिरा निघाला किंवा जॉकी पडला, तरी तो स्टार्टरच्या (शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात आल्यामुळे धावलेला धरला जातो आणि पैसे परत मिळत नाहीत. त्याआधी माघारी घेतलेल्या घोड्याचा नियम वेगळा, तो वर दिला आहे.

जिंकल्यावरचा कर

एका व्यवहारात १०,००० रुपयांहून जास्त जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापून उरलेले हातात मिळतात. २५,००० वर ७,५०० गेले. पॅन नंबर इथे मागतात. ही मर्यादा फक्त कपातीची आहे. दोन-दोन हजारांच्या विजयांवरही आयकर लागतो, फक्त तो विवरणपत्रात स्वतः दाखवायचा असतो. दर ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा या रकमेला लावता येत नाही.

सगळ्यात झोंबणारा नियम पुढचाच. हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा करता येत नाहीत. वर्षभरात ६०,००० जिंकलात आणि ९०,००० हरलात, तर प्रत्यक्षात ३०,००० चा तोटा असूनही ६०,००० वर १८,७२० रुपये आयकर बसतो. प्रवास, रेसकार्ड, कशाचाच खर्च वजा होत नाही.

म्हणून नाशिकहून निघतानाच दिवसाची रक्कम रोख वेगळ्या पाकिटात ठेवा, कार्ड घरी ठेवा आणि गाडीभाडे दुसऱ्या खिशात. आठ रेसपैकी तीन-चारच निवडा. एका बेटवर पाकिटातल्या रकमेचा फार तर दहावा भाग. हरल्यावर पुढच्या रेसला दुप्पट लावण्याची पद्धत कराच्या आजच्या दरात आणखी लवकर बुडवते, कारण दुपटीबरोबर करही दुप्पट होतो. दिवसाची शेवटची रेस वसुलीसाठी खेळली जाते आणि सगळ्यात बेभान पैसा तिथेच लागतो. भाव वाईट असतो तो त्यामुळेच. उसने घेऊन खेळणे सुरू झाले असेल, घरापासून रक्कम लपवावी लागत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रत्येक तिकिटाचा फोटो, लावलेली रक्कम, कर आणि आलेला डिव्हिडंड एका वहीत त्याच दिवशी उतरवा. विवरणपत्र भरताना ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ या शीर्षाखाली जिंकलेली एकूण रक्कम दाखवून, कापलेला टीडीएस फॉर्म २६एएसशी (आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या नोंदीशी) जुळवून घ्यावा लागतो. क्लबने कापलेला पण तिथे न दिसणारा टीडीएस वहीशिवाय शोधता येत नाही.